त्राटिकेचे दात

दांडीपाडा,
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप देवरामदादास,

चंदाचा नमस्कार. थोरल्या भावाला 'तीर्थस्वरूप' लिहायचं असं आश्रमशाळेत बाईंनी शिकवलं होतं, म्हणून लिहिलं. आता पुढचं माझ्या मनाने लिहिते.

फोन केला तर तू कापतोस. एकदा वाजतो, नंतर बंद लागतो. म्हणून हे पत्र. पत्र कापता येत नाही, फार तर चुलीत घालता येतं. घाल, पण आधी वाच.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. हरेश्वर होडीवर जातात, मासळी कमी मिळते, डिझेल परवडत नाही, तेच रडगाणं. सासूबाई जाळं शिवायला बसल्या की दिवसभर मला शिव्या घालतात, म्हणजे त्यांची तब्येत उत्तम आहे. तिकडे नागली कशी झाली? रंगूवहिनीचा खोकला थांबला का? थंडीत चुलीचा धूर तिला सोसत नाही, मागच्या दाराला जरा फट ठेवत जा.

वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस. मोखाड्याला बाजाराला आली, रेंज मिळाली, म्हणून केला. ती म्हणाली, होळी झाल्यावर गावात सोंगं नाचवायचा बोहाडा आहे, आणि या वेळी आपल्या घराची त्राटिका निघाली नाही तर सोंगाचा मान गावातल्या जिवाच्या घराला द्यायचा असं पंचांनी ठरवलंय. दादा, बाबाने ते सोंग नाचवलं, बाबाच्या बाबाने नाचवलं. संबळ वाजायला लागला की बाबाच्या नावाने, काळ्याची त्राटिका आली म्हणून पोरं आयांच्या मागे लपायची. तो मुखवटा आता जिवाच्या पडवीत टांगला जाणार? जिवा चांगला माणूस आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्राटिका आपली आहे.

वहिनी म्हणाली, तू कागदाचा लगदा कालवून मुखवटा नवा घडवलास, रंगही दिलास. फक्त दात नाहीत. मग आवाज बारीक करून म्हणाली, "चंदे, शंख हायेत का गं तुझ्याकडं? मी मागितले असं त्याला सांगू नको."

शंख आहेत. मागच्या पावसाळ्यापासून गोळा करतेय. कुणी सांगितलं नव्हतं, पण करतेय.

तुला वाटत असेल, समुद्रावर जायचं, वाकायचं आणि ओंजळ भरून आणायची. सिनेमातल्या बाया करतात तसं, पदर उडवत. अरे, ये एकदा सकाळी माझ्याबरोबर. भरतीचं पाणी मागे गेलं की वाळूवर एक रेघ राहते, शंख-शिंपले त्या रेघेत सापडतात. आणि त्यांच्याबरोबर काय काय सापडतं ते ऐक. लहान पोरांची भरलेली लंगोटं, ती विकतची, फुगून उशीएवढी झालेली. दारूच्या बाटल्या. गणपतीचा सुटलेला हात. कोंबडीची आतडी, कारण हॉटेलवाले सगळं खाडीत लोटतात. पावसाळ्यात तर डांबराचे काळे गोळे येतात, पायाला चिकटले की रॉकेलशिवाय सुटत नाहीत. शी! एका धड शंखासाठी इतकी घाण उलथावी लागते की घरी येऊन अंघोळ केली तरी भाकरी तोंडाशी नेताना हात हुंगला जातो.

आणि माणसं! रविवारी गाड्या भरभरून येतात, वाळूत बसून खातात आणि खाल्लेलं तिथंच टाकून समुद्राकडे बघत "वॉव" म्हणतात. इथं रस्त्याला एकाचं शंख-शिंपल्यांच्या आरशांचं दुकान आहे. तो जितेच शंख पोत्याने आणतो आणि मागच्या अंगणात पिंपात उकळतो. त्या उकळीवर जो फेस येतो ना, पिवळट, तो बघितला आणि मी दोन दिवस कालवण खाल्लं नाही. मुंबईच्या बाया तेच आरसे घेतात आणि म्हणतात, किती नॅचरल!

बाबा कधी असं करायचा नाही. तुला आठवणार नाही, तू तेव्हा मामाकडे दाभोशाला राहून शाळेत जायचास. बाबा चिकूच्या वाडीवर कामाला इकडे यायचा तेव्हा मी त्याच्याबरोबर असायची. सुट्टी असली की आम्ही दोघं समुद्रावर जायचो. त्याला हवे असायचे ते लांबट, टोकदार शंख, सुळ्यासारखे. सापडला की वाळू झटकायचा, तोंडाशी धरायचा आणि फुंकर मारायचा. आत कुणी नसलं तर शंख शीळ घालतो. आत जीव असला तर नुसता थुंकीचा आवाज येतो. बाबा म्हणायचा, "वाजला तो आपला, नाय वाजला तो दर्याचा." न वाजलेला तो परत पाण्यात ठेवायचा, फेकायचा नाही, हात बुडवून ठेवायचा. त्राटिकेचे जुने दात आम्ही असे वेचले होते. त्यातले किती माझ्या हातचे होते ते बाबा प्रत्येक बोहाड्याला सगळ्यांना सांगायचा, आणि मी लाजून वहाणा घालायला विसरायची.

मागच्या वर्षी त्या दातांचं काय झालं आणि बोहाड्यात काय झालं, ते माझ्या कानावर आलंय. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

एवढंच सांगते. शंख चांगले आहेत. एकेक फुंकून घेतलाय, गोड्या पाण्यात भिजवलाय, कौलांवर वाळवलाय. पण वहिनीच्या पिशवीतून चोरून देणार नाही. बाबाच्या सोंगाचे दात काय चोरीचा माल आहे? तू ये. तुझ्या हाताने घेऊन जा. पालघरहून आमच्याकडे रिक्षा येते, दाराशी सोडते. जेवून जा. तुला आवडतात तसे बोंबील भाजीन, नागलीचं पीठ तुमच्याकडचंच आहे, वहिनीने पाठवलेलं. वाटलं तर राहा, नाही तर संध्याकाळी परत जा. मी काही विचारणार नाही.

वाट बघते.

तुझी धाकटी,
चंदा


दांडीपाडा,
१८ फेब्रुवारी २०२५

देवरामदादा,

या वेळी तीर्थस्वरूप नाही. रागावलेल्या बहिणीने मायना काय लिहायचा ते बाईंनी शिकवलं नव्हतं.

तुझं उत्तर पोचलं. तू आला नाहीस, पत्र नाही, फोन नाही. जीपवाल्या देवानंदने हरेश्वरना फोन करून सांगितलं, "देवरामने शंख आणायला सांगितलंय. पालघरच्या स्टँडवर आणून द्या. पण दोन पिशव्यांत घट्ट बांधून द्या म्हणाला, जीपमध्ये पॅसेंजर असतात, वास यायला नको." देवानंदचा काय दोष, सांगितलं तसं बोलला बिचारा. हरेश्वरनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी मासळी चिरत होते. ते म्हणाले, "तुझा भाऊ पिशव्या कमी सांगतो. गोणी मागायला पाहिजे होती." हसवायला बोलले, पण मला हसू आलं नाही. मी उठून बाहेर गेले आणि खरोखर थुंकले. तोंडात कडू पाणी आलं होतं.

वास! दादा, तू आता नाकाचं बोललासच तर ऐक. मी पहिल्या पत्रात बरंच गिळलं होतं, ते सगळं आता वर आलंय.

दरवर्षी दिवाळीनंतर देवानंदच्याच जीपने मी सुके बोंबील आणि सुकट पाठवते. त्या पिशवीला वास नसतो? त्या वेळी पॅसेंजर नसतात? वहिनी सांगते, पिशवी उघडली की तू आधी एक बोंबील विस्तवावर टाकतोस, राहवत नाही तुला. तो बोंबील मी साफ केला, मी वाळत घातला, मी कावळ्यांपासून राखला. बोंबील तुझ्या पोटात जातो, आणि मी घरात आले की तुझं नाक वाकडं होतं. बाबा गेल्यावर त्याच्या दिवसाला आले तेव्हा माझा पेला वेगळा ठेवला होतास. पितळेच्या पेल्यांच्या रांगेत तो एकच स्टीलचा, त्यावर कोळशाने खूण. मी त्यातून पाणी प्यायले, कारण बाबाचा दिवस होता. पण तो पेला अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे आणि अजून मला त्याची किळस येते. स्टीलच्या पेल्याची नाही, दादा, तुझी.

मी जातीबाहेर, होडीवरच्या मांगेल्याशी लग्न केलं. केलं. त्याने मला पळवलं नाही, मी त्याला विचारलं. वाडीवर पाणी प्यायला यायचा, मान खाली घालून बोलायचा, मला आवडला. आपल्यात काय कुणी सोन्याच्या ताटात जेवतं? पावसात शेताच्या बांधावर चिंबोऱ्या धरून आपण दोघंच भाजून खायचो ना? तेव्हा हाताला वास यायचा तो काय चंदनाचा होता?

आता ते लिहिते जे लिहायचं नव्हतं.

मागच्या वर्षी होळीच्या आधी तू इथं आला होतास. तू, तुझा दोस्त तुषार आणि आणखी दोघं, जीप घेऊन. आमच्या घरापासून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर जीप उभी होती. मी बंदरावरून येत होते, डोक्यावर पाटी. ओहोटी होती. तुम्ही पँटा वर करून पाण्यात उभे, आणि तू हातात एकेक शंख घेऊन बघत होतास. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, दादा आला. बोहाड्यासाठी शंख घ्यायला आला आणि आता घरी येणार. घरात काही नाही, कोळंबी घेऊन सासूबाईंना सांगावं, असं सगळं एका क्षणात मनात आलं. मी ओरडले, "दादा!"

तू बघितलंस. माझ्या डोळ्यांत बघितलंस, दादा. नाही म्हणू नकोस.

तुषारने विचारलं, "कोण रे?"

तू म्हणालास, "कोण जाणे. असेल कुणी मासळीवाली."

पाटीतलं पाणी माझ्या मानेवरून गळत होतं ते मला आठवतं. बाकी काही आठवत नाही. पण तुझ्या हातातल्या गोणीत मी बघितलं. बाबाच्या दातांपेक्षा मोठे, जाडजूड, ओले, चमकणारे, पाण्यातून उचललेले शंख. एकही वाजणारा नव्हता. त्यांची झाकणं आतून बंद होती. आपल्याकडे ओहोळाच्या काठाला शंख सापडतो तो रिकामाच असतो, उन्हात पांढरा पडलेला, म्हणून तुला वाटलं शंख म्हणजे दगडासारखी वस्तू. डोंगरातल्या माणसाला कसं कळावं? पण मला कळत होतं, म्हणून अपमान गिळून मी सांगितलं. "ते जिते हायेत. पाण्यात ठेव परत. नासतील."

तू काय म्हणालास? "मावशी, तुम्ही तुमच्या पाटीत बघा."

मावशी! तुझ्या पाठीवरची मी. माझ्या जावळाच्या वेळी तू बोकडासाठी रडला होतास म्हणून आई परत परत सांगायची. मावशी! तुझे दोस्त हसले. तू गोणी उचललीस, जीपमध्ये टाकलीस आणि गेलास. धुळीत मी उभी. सासूबाईंनी दारातून बघितलं होतं. ती बाई रोज मला शिव्या देते, पण त्या दिवशी पुढे आली. पाटी उतरवून घेतली आणि मासळीवर बर्फ तिनेच घातला.

पुढचं मला वहिनीने सांगितलं. बाबाचे दात बारीक दिसतात, लांबून कळत नाहीत, म्हणून तू पक्कडीने उपटलेस आणि उकिरड्यावर टाकलेस. बाबाने फुंकलेले दात, दादा, उकिरड्यावर! त्या जागी ते जिते शंख चिकटवलेस आणि मुखवटा माळ्यावर झाकून ठेवलास. उन्हाळ्याची धग, वर पत्रा. आत जीव मेले, सडले, पाझरले. घरात वास सुटला तेव्हा उंदीर मेला म्हणून तू सगळी कणगी उपसायला लावलीस वहिनीला. मुखवट्याकडे कुणी बघितलं नाही. आणि बोहाड्यात तोच मुखवटा तोंडाला बांधून तू नाचायला उतरलास. दातांमधून काळं पाणी तुझ्या ओठांवर आलं. मुखवट्याच्या आतच तू ओकलास. संबळवाला थांबला. काळ्याची त्राटिका, जिला बघून पोरं लपायची, तिला बघून पोरं नाक धरून हसली. तू मुखवटा ओढून काढलास आणि तो फाटला.

हे सगळं मी समजू शकते. चूक माणसाच्या हातून होते. मला तुझी दयाच आली असती, मी रात्रंदिवस बसून नवे दात वेचले असते आणि एक शब्द बोलले नसते.

पण त्यानंतर पंचांसमोर तू काय सांगितलंस? "शंख बहिणीने पाठवले होते. समुद्राकडच्या बाईच्या हातचं, नासणारच." नाचता येईना, अंगण वाकडं! अरे, भर दिवसा मला ओळखलं नाहीस, आणि तोंड लपवायला बरी बहीण आठवली. त्या क्षणी बरी मी तुझी झाले. तुझ्या ओकारीपेक्षा मला या बोलण्याची जास्त शिसारी आली. ओकारी धुता येते. हे बोलणं वर्षभर मोखाड्याच्या बाजारात फिरतंय. गावातली बाई भेटली की मला विचारते, "काय गं, तू काय पाठवलं होतंस?" आणि मी गप्प बसते. भाऊ आहे, आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगायचं? म्हणून गप्प बसले. आता दोन पिशव्यांचं ऐकलं आणि माझं गप्प बसणं संपलं.

शंख मी देवानंदकडे देणार नाही. दोन पिशव्यांत नाही आणि एका पिशवीतही नाही.

नीट ऐक काय करणार आहे ते. होळीच्या आधीचा मोखाड्याचा आठवडी बाजार. त्या दिवशी मी येणार. सासूबाई पण येते म्हणतात, त्यांना तुला बघायचंय. हरेश्वर जव्हारपर्यंत सोडतील, पुढे आम्ही देवानंदच्याच जीपने येऊ, सुक्या मासळीची पाटी मांडीवर घेऊन, आणि पॅसेंजरना वास येऊ दे. बाजारात सुक्या मासळीच्या बाया बसतात त्या ओळीत मी बसणार. पुढ्यात सुकट, जवळा, बोंबील. बोंबलांच्या खाली, धुतलेल्या फडक्यात, त्राटिकेचे दात.

तिथं तुझे पंच येतात, तुषार येतो, जिवाच्या घरची येतात. जिवाच्या बायकोला मी सुकट जास्तच घालीन, तिने माझं काही वाईट केलेलं नाही. त्या सगळ्यांच्या देखत तू ये. समोर उकिडवा बस. "मावशी" म्हणालास तर सुकट मिळेल, बाजारभावाने. "चंदे" म्हणालास तर फडकं सोडीन.

पण नुसतं फडकं घेऊन उठायचं नाही. बाबाने घेतले तसे घ्यायचे. माझ्या हातातून एकेक उचलायचा, या मासळीच्या हातातून, आणि तोंडाला लावून फुंकायचा. सगळ्यांसमोर. वाजला की सगळ्यांना ऐकू येईल, काळ्याच्या पोरीने काय पाठवलं असतं ते. मग कुणाला काही वेगळं सांगायची गरज पडणार नाही, तुलाही नाही आणि मलाही नाही.

नाही आलास तर मी बाजार उठेपर्यंत बसेन. मग फडकं जिवाच्या घरी नेऊन देईन. मला रडू येईल, फार येईल, आता लिहितानाच येतंय. पण बाबाची त्राटिका दुसऱ्याच्या पडवीत का होईना, तोंडात खरे दात घेऊन नाचू दे. आपल्या पडवीत ती बोळकी टांगलेली मला बघवणार नाही.

वहिनीला काही बोलू नकोस. बोललास तर मला कळेल. खोकल्यासाठी तिला अडुळशाचा काढा दे.

कौलांवर दात वाळतायत. आज सकाळी परत एकदा सगळे फुंकले. सगळे वाजले.

बाजारात बसलेली,
असेल कुणी मासळीवाली,
काळ्याची पोर चंदा